संगणकाच्या एसएमपीएसची क्षमता आणि ग्राफिक्स कार्डची निवड : महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

यंत्र-अध्ययन, प्रतिमा-विश्लेषण, ॲनिमेशन यांसारखे विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आल्यापासून जुन्या संगणकांना नवे ग्राफिक्स कार्ड जोडण्याची गरज वारंवार निर्माण होते. कार्ड निवडताना त्याची स्मृती व किंमत पाहिली जाते; त्यास वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो किंवा होतच नाही. एसएमपीएसवर छापलेला एकूण वॅटचा आकडा हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. १२ व्होल्ट शाखेची क्षमता, योग्य जोडण्या, क्षणिक भार पेलण्याची शक्ती आणि यूपीएससह वीजपुरवठ्याची संपूर्ण साखळी यांची तपासणी आवश्यक आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी एका प्रत्यक्ष संगणकाचे गणन दिले असून वसई-विरार परिसरातील हवामान व वीजपुरवठ्याच्या संदर्भात काही सूचना मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड, १२ व्होल्ट शाखा, यूपीएस, संगणक प्रयोगशाळा, खरेदी प्रक्रिया.

१. प्रस्तावना

ग्राफिक्स कार्ड ही एकेकाळी खेळ खेळणाऱ्यांची चैन समजली जात असे. २०१२ साली टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी ‘ॲलेक्सनेट’ हे प्रतिमा ओळखणारे प्रारूप दोन जीफोर्स जीटीएक्स ५८० कार्डांवर प्रशिक्षित केले आणि बाजारात सहज मिळणारे कार्ड हे संशोधनाचे साधन होऊ शकते, हे जगापुढे आले. आज मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या परिसरातील महाविद्यालयांत संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान व विदाविज्ञान शिकणारे विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी अशाच कार्डाची मागणी करतात. संपूर्ण नवा संगणक घेण्याइतका निधी विभागाकडे नसतो. त्यामुळे ‘आहे त्या संगणकात कार्ड बसवावे’ हा मार्ग स्वाभाविकपणे निवडला जातो.

प्रस्तुत लेखकाच्या विभागानेही हाच मार्ग निवडला होता. वर्षभराच्या अनुदानातून १२ गिगाबाइट स्मृतीचे जीफोर्स आरटीएक्स ३०६० हे एक कार्ड घेण्यात आले व ते इंटेल आय-५ १०४०० प्रोसेसर असलेल्या संगणकात बसविण्यात आले. या संगणकाच्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. कार्डास लागणारा आठ पिनांचा कनेक्टर त्या एसएमपीएसला नव्हता. तंत्रज्ञाने दोन जुन्या चारपिनी कनेक्टरांतून एक ॲडाप्टर जोडून दिला. पडदा उजळला, आठवडाभर लेखन-सादरीकरणाची कामे सुरळीत झाली. नंतर तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाचे प्रशिक्षण सुरू केले आणि काही मिनिटांतच संगणक झटकन बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद पडला. प्रथम विंडोजवर संशय घेऊन ती नव्याने टाकण्यात आली. नंतर रॅमवर संशय घेण्यात आला. शेवटी कार्ड सदोष म्हणून दुकानात पाठविण्यात आले. तेथे दुसऱ्या संगणकात ते दिवसभर विनातक्रार चालले. ॲडाप्टर काढून पाहिला तेव्हा त्याच्या प्लास्टिकचा एक कोपरा तपकिरी झालेला आढळला. तोपर्यंत प्रकल्पाचे सादरीकरण चार दिवसांवर आले होते. त्या विद्यार्थ्याला आपले प्रारूप लहान करून, कमी प्रतिमांवर प्रशिक्षण देऊन काम उरकावे लागले.

या प्रकरणात दोष कार्डाचा नव्हता, तसाच तो दुकानदाराचाही नव्हता. मागणीपत्रावर प्रस्तुत लेखकाची सही होती आणि त्यात एसएमपीएसचा उल्लेखच नव्हता. ही चूक टाळता येण्याजोगी होती, किंबहुना दहा मिनिटांच्या गणिताने टळली असती. ते गणित प्राध्यापक बंधुभगिनींसमोर ठेवणे हा या लेखाचा उद्देश होय.

२. एसएमपीएसचे कार्य

घरातील व महाविद्यालयातील वीज ही २३० व्होल्ट दाबाची, ५० हर्ट्झ वारंवारतेची प्रत्यावर्ती वीज असते. संगणकाच्या भागांना मात्र कमी दाबाची एकदिश वीज लागते. हे रूपांतर करणाऱ्या पेटीस आपण ‘एसएमपीएस’ म्हणतो. इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स मानकानुसार ही पेटी मुख्यतः तीन दाबांची वीज देते : ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट. या तीन वाटा म्हणजेच तीन शाखा होत. नारिंगी तार ३.३ व्होल्टची, लाल तार ५ व्होल्टची व पिवळी तार १२ व्होल्टची, हा रंगसंकेत अनेक एसएमपीएसमध्ये आजही दिसतो; काही नव्या उत्पादनांत मात्र सर्वच तारा काळ्या असतात.

या तीन शाखांवरील भार कालौघात बदलत गेला, हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. १९९० च्या दशकात प्रोसेसर व इतर बहुतेक भाग ५ व ३.३ व्होल्टच्या शाखांवर अवलंबून असत. २००० नंतर प्रोसेसरला १२ व्होल्टवरून वीज देण्याची पद्धत रूढ झाली आणि ग्राफिक्स कार्डाचीही जवळजवळ सर्व गरज याच शाखेतून भागविली जाऊ लागली. परिणामी आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे सर्वांत मोठे दोन ग्राहक एकाच शाखेवर उभे आहेत. संरचनेने जुन्या असलेल्या स्वस्त एसएमपीएसमध्ये मात्र ५ व ३.३ व्होल्टला भरपूर क्षमता व १२ व्होल्टला तुटपुंजी, अशी विभागणी आढळते. एकूण बेरीज मोठी दिसते; पण ती ज्या ठिकाणी हवी तेथे नसते.

३. पट्टीवरील तक्त्याचे वाचन

प्रत्येक एसएमपीएसच्या अंगावर एक पट्टी चिकटविलेली असते व तीवर शाखानिहाय अँपिअरचा तक्ता असतो. ठळक अक्षरांतील वॅटच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून हा तक्ता वाचणे ही तपासणीची पहिली पायरी होय. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढे शालेय सूत्र त्यासाठी पुरते.

आमच्या विभागातील उपरोक्त ‘४५० वॅट’ एसएमपीएसच्या पट्टीवरील नोंदी अशा होत्या :

३.३ व्होल्ट – १८ अँपिअर – ५९.४ वॅट
५ व्होल्ट – २० अँपिअर – १०० वॅट
१२ व्होल्ट – १६ अँपिअर – १९२ वॅट
उणे १२ व्होल्ट – ०.५ अँपिअर – ६ वॅट
५ व्होल्ट (प्रतीक्षास्थिती) – २ अँपिअर – १० वॅट

या सर्वांची बेरीज ३६७.४ वॅट होते. म्हणजेच ४५० हा आकडा खुद्द त्याच पट्टीवरील तक्त्यातून निघत नाही. त्यातही सर्व शाखा एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालतील असे गृहीत धरता येत नाही, ३.३ व ५ व्होल्ट शाखांची मिळून एक संयुक्त मर्यादा असते व चांगले उत्पादक ती स्वतंत्रपणे छापतात. ग्राफिक्स कार्डाच्या दृष्टीने या पेटीची खरी क्षमता १९२ वॅट एवढीच होती. याउलट, चांगल्या प्रतीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट उपलब्ध असल्याचे दिसते. एकूण क्षमतेचा जवळजवळ सर्व हिस्सा १२ व्होल्टवर मिळणे ही आधुनिक संरचनेची खूण समजावी.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ‘८० प्लस’ हे चिन्ह कार्यक्षमतेचे निदर्शक आहे, क्षमतेचे नव्हे. २००४ साली सुरू झालेल्या या प्रमाणनाच्या मूळ श्रेणीत २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते. ५५० वॅटचा एसएमपीएस संगणकाला ५५० वॅट देऊ शकतो. भिंतीतील सॉकेटमधून तो त्याहून अधिक वीज घेतो आणि फरकाची उष्णता होते. म्हणून ‘८० टक्के म्हणजे ५५० पैकी ४४० वॅटच मिळतात’ हे म्हणणे चुकीचे आहे.

४. ग्राफिक्स कार्डाची मागणी

कार्डाच्या उत्पादकाकडून दोन आकडे प्रसिद्ध केले जातात. एक, कार्डाचा स्वतःचा वीजवापर. दुसरा, संपूर्ण संगणकासाठी शिफारस केलेला एसएमपीएस. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नयेत. उदाहरणार्थ, जीफोर्स आरटीएक्स ३०६० चा वापर १७० वॅट आहे, तर शिफारस ५५० वॅटची आहे. आरटीएक्स ४०६० चा वापर केवळ ११५ वॅट असूनही शिफारस ५५० वॅटचीच आहे. जीटीएक्स १६५० चा वापर ७५ वॅट व शिफारस ३०० वॅट आहे. शिफारशीचा आकडा मोठा दिसतो. कारण संगणकातील प्रोसेसर कोणता असेल व एसएमपीएस कोणत्या प्रतीचा असेल हे उत्पादकाला ठाऊक नसते आणि त्या अनिश्चिततेची किंमत त्याने त्यात धरलेली असते.

कार्डाला वीज दोन मार्गांनी मिळते. मदरबोर्डवरील स्लॉटमधून कमाल ७५ वॅट मिळू शकतात. त्यांपैकी १२ व्होल्टचा हिस्सा ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट असतो. उर्वरित गरज एसएमपीएसमधून थेट येणाऱ्या कनेक्टरद्वारे भागते. सहा पिनांचा कनेक्टर ७५ वॅट, तर आठ पिनांचा कनेक्टर १५० वॅट देण्यासाठी प्रमाणित आहे. या मर्यादा केवळ कागदावरच्या नाहीत, याचा प्रत्यय २०१६ साली आला. एएमडी कंपनीचे रेडिऑन आरएक्स ४८० हे कार्ड स्लॉटमधून मर्यादेपेक्षा अधिक वीज घेत असल्याचे परीक्षकांनी केलेल्या मोजणीतून उघड झाले व कंपनीला जुलै २०१६ मध्ये ड्रायव्हरमध्ये सुधारणा करावी लागली.

तिसरी बाब क्षणिक भाराची. कार्डाचा १७० वॅट हा आकडा सरासरीचा आहे. प्रत्यक्षात काम सुरू होताना व थांबताना काही सूक्ष्मसेकंदांसाठी ही मागणी कितीतरी वर उसळते. साध्या मापकाला ही उसळी दिसत नाही, परंतु एसएमपीएसमधील संरक्षक मंडलाला दिसते व ते पुरवठा तोडते. ‘संगणक तापलेला नव्हता, तरी झटकन बंद पडला’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. २०२२ मधील एटीएक्स ३.० मानकात याची दखल घेण्यात आली असून नव्या १६ पिनी कनेक्टरसह येणाऱ्या मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० सूक्ष्मसेकंद पेलावा, अशी अपेक्षा त्यात आहे.

५. प्रत्यक्ष गणन

आता आमच्या संगणकाचे गणित मांडू. आय-५ १०४०० या प्रोसेसरवर ‘६५ वॅट’ असे लिहिलेले असते, पण तो मूळ गतीचा आकडा आहे. पूर्ण वेगाने धावताना हा प्रोसेसर थोडा काळ १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो. यंत्र-अध्ययनात प्रतिमा वाचण्याचे काम प्रोसेसर व गणनाचे काम कार्ड एकाच वेळी करत असते; म्हणून कमाल आकडा धरणेच योग्य.

प्रोसेसर (कमाल) – १३४ वॅट
ग्राफिक्स कार्ड – १७० वॅट
मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे (अंदाजे) – ५० वॅट
एकूण – ३५४ वॅट

केवळ एकूण आकडा पाहिला तर ३५४ हे ४५० पेक्षा कमी आहेत आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. आम्हीही असेच फसलो असतो. वस्तुतः आम्ही एवढेही गणित केले नव्हते. आता १२ व्होल्टचा हिस्सा वेगळा काढू. प्रोसेसर व कार्ड मिळून ३०४ वॅट, पंखे व इतर १२ व्होल्टवरील भाग यांचे सुमारे १६ वॅट, असे एकूण ३२० वॅट होतात. त्यास १२ ने भागले असता सुमारे २७ अँपिअर येतात. उपलब्धता १६ अँपिअरची होती. मागणी पुरवठ्याच्या दीडपटीहून अधिक होती. संगणक बंद पडला नसता तरच नवल! लेखन करताना तो का चालला, याचे उत्तरही येथेच मिळते. त्या वेळी दोन्ही भाग जवळजवळ विश्रांतीत होते.

अखंड वापरात १२ व्होल्ट शाखेवरील भार तिच्या क्षमतेच्या सुमारे तीन चतुर्थांशापलीकडे जाऊ नये, असा सावध नियम स्वीकारल्यास २७ अँपिअरसाठी किमान ३६ अँपिअरची शाखा हवी. ४५ अँपिअरचा ५५० वॅट एसएमपीएस या कसोटीस उतरतो आणि कार्ड उत्पादकाच्या शिफारशीशीही ते जुळते.

कनेक्टर नसलेले लहान कार्ड घेतले तर प्रश्न सुटतो का? आरटीएक्स ३०५० ची ६ गिगाबाइट स्मृती असलेली आवृत्ती ७० वॅटमध्ये चालते व तिची संपूर्ण गरज स्लॉटमधून भागते. परंतु १३४, ७० आणि १६ यांची बेरीज २२० वॅट, म्हणजे १८ अँपिअरहून अधिक होते. जुन्या एसएमपीएसच्या १६ अँपिअरमध्ये तेही बसत नाही. प्रोसेसर आय-३ १०१०० असता, तर त्याचे कमाल ९० वॅट धरून बेरीज १७६ वॅट, म्हणजे पंधरा अँपिअरच्या आत आली असती; कागदावर हे बसते, पण राखीव क्षमता जवळजवळ काहीच उरत नाही. ‘कनेक्टर नाही म्हणजे काळजी नाही’ हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

६. जोडण्यांविषयी दक्षता

क्षमता पुरेशी असूनही चुकीच्या जोडणीमुळे हानी होऊ शकते. एसएमपीएसला कार्डासाठीचा कनेक्टर मुळातच नसणे ही उत्पादकाने दिलेली एक सूचना समजावी. ॲडाप्टर लावून ती खोडून काढू नये. साटा वीज कनेक्टरचे उदाहरण घेऊ. त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना असून प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर आहे. म्हणजे एकूण ४.५ अँपिअर किंवा ५४ वॅट. बाजारात मात्र एका साटा कनेक्टरमधून ७५ वॅटचा सहापिनी कनेक्टर करून देणारे ॲडाप्टर सर्रास मिळतात. हे गणित जुळत नाही आणि न जुळलेल्या भागाची उष्णता होते.

प्रोसेसरसाठीचा आठपिनी व कार्डासाठीचा आठपिनी कनेक्टर दिसण्यात सारखे असले तरी त्यांतील १२ व्होल्ट व भूतारांच्या जागा उलट आहेत. बळजबरीने बसवू नयेत. सुट्या तारांच्या एसएमपीएसमध्ये एका उत्पादनाच्या तारा दुसऱ्यास लावणे हीदेखील गंभीर चूक ठरते, कारण पेटीच्या बाजूची पिनांची रचना सर्वत्र समान नसते. २०२२ साली आलेल्या सोळापिनी कनेक्टरवर ६०० वॅटपर्यंत वीज नेता येते. परंतु त्याच वर्षी आरटीएक्स ४०९० कार्डांवर हे कनेक्टर वितळल्याच्या घटना समोर आल्या. कनेक्टर पूर्ण आत न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले व २०२३ मध्ये त्याची सुधारित रचना प्रसिद्ध झाली. कनेक्टर शेवटपर्यंत बसला आहे, हे डोळ्यांनी पाहणे हा त्यातून मिळणारा साधा धडा होय.

७. वसई-विरार परिसरातील परिस्थिती

वरील विवेचन कोणत्याही शहरास लागू पडेल. आपल्या परिसरात त्यास आणखी काही बाबी जोडाव्या लागतात.

पहिली बाब हवामानाची. अर्नाळ्यापासून नायगावच्या मिठागरांपर्यंतचा हा पट्टा खाऱ्या हवेचा व दमट आहे. पावसाळ्यात बंद प्रयोगशाळेत ओलावा साठतो. त्यात चाललेल्या बांधकामांची धूळ मिसळली की एसएमपीएसच्या पंख्यावर व मंडलावर एक चिकट थर बसतो. हवा खेळणे थांबले की तापमान वाढते. विद्युतअपघटनी संधारित्राचे, म्हणजेच तंत्रज्ञांच्या भाषेत कपॅसिटरचे, तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. म्हणून पाच-सात वर्षे वापरलेल्या एसएमपीएसची क्षमता पट्टीवर लिहिल्याएवढीच उरली आहे, असे गृहीत धरू नये.

दुसरी बाब वीजपुरवठ्याची. येथे महावितरणचा पुरवठा आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई परिसर जलमय होऊन वीज खंडित झाली होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा भाग वीजवाहिनीतील बिघाडामुळे काही तास अंधारात होता. अशा मोठ्या घटना विरळा असल्या, तरी क्षणभर दिवे मंद होण्याचा अनुभव पावसाळ्यात नवा नाही. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. वीज गेल्यावर एसएमपीएस साठविलेल्या ऊर्जेवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरू शकतो आणि तेवढ्या वेळात यूपीएसने भार स्वीकारावा अशी योजना असते. भार जितका अधिक, तितका हा तग धरण्याचा काळ कमी. त्यामुळे पूर्वी दिव्यांच्या ज्या क्षणिक मंदपणाची संगणकास जाणीवही होत नसे, तोच मोठे कार्ड बसविल्यावर संगणक पुन्हा सुरू होण्यास कारण ठरू शकतो.

तिसरी व सर्वाधिक दुर्लक्षित बाब यूपीएसची. महाविद्यालयांतून सर्वत्र दिसणाऱ्या ६०० व्हीए यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता साधारण ३६० वॅट असते. आमच्या संगणकाची गरज ३५४ वॅट असली, तरी ८५ टक्के कार्यक्षमता धरल्यास सॉकेटमधून सुमारे ४१६ वॅट घेतले जातील. मॉनिटरचे २५ वॅट मिळवल्यास ४४० च्या आसपास आकडा जातो. नवा एसएमपीएस घेतला व यूपीएस जुनाच ठेवला, तर वीज जाताच यूपीएस अतिभाराने बंद पडेल आणि ज्यासाठी तो घेतला तो हेतूच विफल होईल. अशा संगणकास १००० व्हीए, साधारण ६०० वॅटचा यूपीएस योग्य ठरतो.

वीस संगणकांना अशी कार्डे बसविण्याचा विचार असेल, तर एकूण भार ८,८०० वॅट, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर होतो. तेव्हा प्रश्न एसएमपीएसपुरता राहत नाही. प्रयोगशाळेची वायरिंग, एमसीबी व अर्थिंग यांची तपासणी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घेणे अनिवार्य ठरते.

८. तपासणीची पद्धती

बाजारात एक चाचणी प्रचलित आहे. चोवीसपिनी कनेक्टरमधील हिरवी व काळी तार जोडावयाची. पंखा फिरला की एसएमपीएस ‘ओके’. या चाचणीने पेटी सुरू होते एवढेच कळते. ती भार पेलते की नाही, हे मुळीच कळत नाही. त्याऐवजी पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

(१) संगणक बंद करून, प्लग काढून, आवरण उघडावे व पट्टीवरील १२ व्होल्टचे अँपिअर वहीत लिहून घ्यावेत. पट्टीचे छायाचित्र काढून ठेवल्यास उत्तम.

(२) प्रोसेसरचा कमाल वापर व कार्डाचा वापर उत्पादकाच्या माहितीपत्रकातून घेऊन वरीलप्रमाणे गणन करावे.

(३) कार्डास लागणारे कनेक्टर एसएमपीएसच्या मूळ तारांवर आहेत की नाहीत, हे पाहावे.

(४) नामांकित उत्पादकांच्या तयार संगणकांत कधीकधी वेगळ्या आकाराचा एसएमपीएस व वेगळा मुख्य कनेक्टर असतो. तो बाजारातील एटीएक्स एसएमपीएसने बदलता येईल का, याची खात्री आधीच करावी.

(५) कार्ड बसविल्यानंतर प्रोसेसर व कार्ड या दोहोंवर एकाच वेळी अर्धा तास पूर्ण भार टाकावा. या अवस्थेत रिकाम्या चारपिनी कनेक्टरमधील पिवळ्या व काळ्या तारांदरम्यान मल्टिमीटरने दाब मोजावा. प्रचलित मर्यादा पाच टक्के कमी-अधिक, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट अशी आहे. भार येताच दाब ११.४ कडे घसरू लागला, तर एसएमपीएस अपुरा समजावा. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे दाबाचे आकडे अंदाजापुरतेच घ्यावेत.

(६) सॉकेटला लावण्याचा वॅटमापक उपलब्ध असल्यास एकूण वापर नोंदवावा व त्यास कार्यक्षमतेने गुणून संगणकाची खरी गरज काढावी. हीच नोंद यूपीएसच्या निवडीसाठी उपयोगी पडते.

कोणत्याही परिस्थितीत एसएमपीएसची पेटी स्वतः उघडू नये. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते व आतील संधारित्रात तेवढा दाब प्लग काढल्यानंतरही काही काळ टिकून राहू शकतो. विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक करताना ही सूचना आवर्जून द्यावी.

एसएमपीएस बदलेपर्यंत काम अडत असेल, तर कार्डाच्या नियंत्रक प्रणालीतून त्याची वीजमर्यादा कमी करता येते. गती थोडी घटते, पण काम होते. हा तात्पुरता उपाय आहे. अपुऱ्या एसएमपीएसला तो पर्याय नव्हे.

९. खरेदी प्रक्रियेसंबंधी

आपल्या महाविद्यालयांत तीन दरपत्रके मागवून किमान दराची निवड करण्याची पद्धत आहे. मागणीपत्रात ‘४५० वॅट एसएमपीएस’ एवढेच लिहिले, तर ४५० हा आकडा छापलेली सर्वांत स्वस्त पेटी येणे अटळ आहे, आणि त्याबद्दल पुरवठादारास दोष देता येत नाही. ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात स्वतः जाऊन खरेदी केली, तरीही हीच अडचण येते. म्हणून मागणीपत्रात चार गोष्टी स्पष्टपणे नमूद कराव्यात : १२ व्होल्ट शाखेवरील किमान अँपिअर, कार्डासाठीच्या मूळ कनेक्टरांची संख्या व प्रकार, ‘८० प्लस’ची श्रेणी, आणि हमीचा कालावधी. स्वतंत्र एसएमपीएस भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येत असल्याने पट्टीवर मानकाचा व नोंदणीचा क्रमांक आहे, हेही पाहावे. कार्ड, एसएमपीएस व यूपीएस यांचे अंदाजपत्रक एकत्र करावे; स्वतंत्रपणे केल्यास निधी कार्डावरच संपतो, हा आमचा अनुभव आहे. काढलेला जुना एसएमपीएस जडसंग्रह नोंदवहीतून रीतसर निर्लेखित करून १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच द्यावा.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ग्राफिक्स कार्डासाठी एसएमपीएस पुरेसा आहे का, या प्रश्नाचे उत्तर एकूण वॅटमध्ये नसून १२ व्होल्टवरील अँपिअरमध्ये आहे. त्या उत्तरास मूळ कनेक्टर, क्षणिक भार, पेटीचे वय आणि यूपीएसची क्षमता यांची जोड द्यावी लागते. यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. ते पदवीच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्याकडूनही करून घेता येईल आणि तसे करून घेणे हाच एक चांगला पाठ ठरेल.

आमच्या विभागात पुढील वर्षी एसएमपीएस व यूपीएस दोन्ही बदलण्यात आले. तेच कार्ड त्याच संगणकात आता रात्रभर चालते. ज्या विद्यार्थ्याचा प्रकल्प अपुरा राहिला, त्याला मात्र याचा काही उपयोग झाला नाही. तो तोवर पदवी घेऊन गेला होता. प्रयोगशाळेच्या मागणीपत्रातील एक न लिहिलेली ओळ कोणाच्या वाट्याला कशी येते, हे लक्षात राहावे एवढ्यासाठीच हा अनुभव येथे नोंदविला आहे.